दात येण्याआधी

घरात तान्हं मूल गेलं तर सुतक किती धरायचं? याज्ञवल्क्यस्मृतीचा तिसरा अध्याय सुरू होतो तो अशा प्रश्नांनी. तिथलं उत्तर वर्षांत दिलेलं नाही, महिन्यांतही नाही. दात आलेले नसतील तर शुद्धी तत्काळ, म्हणजे आंघोळ केली की सुतक फिटलं. दात आलेत पण जावळ काढायचं राहिलंय, तर एक रात्र. जावळ झालं, मुंज व्हायची आहे, तर तीन रात्री. त्यापुढे मोठ्या माणसासारखे दहा दिवस. शोकाचा हा जिना आहे आणि त्याची पहिली पायरी आहे तांदळाच्या दाण्याएवढा एक दात.

दातच का, हे समजायला अवघड नाही. जन्मतारीख लिहून ठेवणारी घरं थोडी होती. बाकीच्यांचं मूल पेरणीच्या सुमाराला झालेलं असे, नाहीतर मोठा पूर आला त्या साली. दात मात्र कुणालाही तपासता येतो. आजी धुतलेलं बोट हिरडीवरून फिरवते, खाली मधोमध काहीतरी खरखरीत लागतं. चार दिवसांनी पेजेचा चमचा तोंडात गेला की टक्कन वाजतो. घरभर बातमी होते. वरचा दात आधी आला असेल तर मामाला जड म्हणून थोडी कुजबुजही होते. एवढा बिनचूक आणि फुकटचा पुरावा हाताशी असताना शास्त्रकारांनी दुसरा शोधला असता तरच नवल. पुढे १७९०च्या सुमाराला पंढरपूरच्या काशीनाथशास्त्री उपाध्यायांनी, म्हणजे बाबा पाध्ये यांनी, धर्मसिंधू लिहिला. महाराष्ट्रातले भिक्षुक अडल्यावर ज्या पोथ्या उघडत आले त्यांतली ही एक. मुलांच्या अशौचाचा हिशेब करताना तीही दातापाशी थांबते.

मनुस्मृतीचा पाचवा अध्याय आणखी कठोर वाटतो. दोन वर्षांखालच्या मुलाला अग्नी नाही, पाणी नाही, अस्थी वेचायच्या नाहीत. गावाबाहेर शुद्ध जमिनीत ठेवायचं आणि रानात लाकूड टाकून यावं तसं माघारी फिरायचं. पण त्याच ठिकाणी, ठेवण्याआधी मुलाला सजवा, असंही सांगितलंय. लाकडाला कुणी सजवत नाही. पुढच्याच श्लोकात एक सवलत आहे: तीन वर्षांच्या आतल्या मुलाला पाणी देऊ नये, मात्र दात आलेले असतील, किंवा नाव ठेवलेलं असेल, तर दिलं तरी चालेल. नियमाच्या अंगाला शिवलेलं हे ठिगळ पाहिलं की शंका येते. ही मुभा कुणीतरी मागितली असणार, आणि मागणाऱ्याला मुलाचा तो चमच्यावर वाजलेला दात आठवत असणार.

ही फक्त भारतातली गोष्ट नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमन लेखक प्लिनी याने आपल्या निसर्गविषयक ग्रंथात नोंद केली आहे की दात येण्याआधी गेलेल्या मुलाचं दहन करायचं नाही, असा लोकांचा रिवाज आहे. रोमन लोक अशा बाळांना कधीकधी घराच्या वळचणीखाली पुरत. गंगेकाठचा स्मृतिकार आणि टायबरकाठचा लेखक यांची गाठ पडलेली नाही, तरी दोघांची खूण एकच. दात.

आणि इथे खरा प्रश्न उभा राहतो. मूल माणसांच्या हिशेबात धरायचं कधीपासून? धर्मांनी त्यासाठी एक उंबरठा मागितला, कारण उंबरठ्याशिवाय विधी ठरवता येत नाही. न्यायवैद्यक मानवशास्त्राचे अभ्यासक आज तोच दात हातात घेतात. त्यांना सुतक ठरवायचं नसतं, त्यांना वय हवं असतं. पण त्यांनी जबड्याच्या आत डोकावून पाहिलं तेव्हा तो उंबरठाच जागेवर सापडेना.

कारण बिनदातांचं मूल असं काही नसतंच. दुधाचे दात वीस. पैकी पुढच्या पटाशीच्या दातांवर खनिजाचा पहिला थर चढायला लागतो तो आईच्या पोटात, साधारण चौदाव्या आठवड्याच्या आसपास. बाळ जन्माला येतं तेव्हा या दातांचा वरचा भाग बव्हंशी बनून झालेला असतो. सुळ्यांची टोकं असतात. दाढांचे उंचवटे आधी वेगवेगळे बनतात आणि मग एकमेकांना जुळत जातात. ज्या बोळक्या तोंडाकडे पाहून आपण हसतो त्याच्या हिरडीखाली वीसच्या वीस दात कमी-अधिक घडलेले, आपापल्या खोबणीत बसलेले असतात. त्यांच्या मागे कायमच्या पहिल्या दाढेचं कामही जन्माच्या सुमाराला सुरू झालेलं असतं. सहाव्या ते दहाव्या महिन्यात खालचा पटाशीचा दात बाहेर येतो तेव्हा स्मृतिकार म्हणतो, आता दात आला. दातांच्या अभ्यासकाच्या लेखी तो वर्षभर जुना असतो.

तान्ह्या बाळाच्या सांगाड्यात हे अंकुर जबड्यात घट्ट बसलेले नसतात. मूळ तयार व्हायचं असतं, त्यामुळे मऊ भाग गेला की ते गळून मातीत मिसळतात. पुढच्या दाताचा अंकुर दिसतो लहानशा शिंपलीसारखा, आतून पोकळ, कडेला इतका पातळ की नखाने दाबला तर तुटावा. दुसऱ्या दाढेचे उंचवटे जुळलेले नसतील तर सुट्या कण्या म्हणून हाती लागतात. नवख्या माणसाला ते खडे वाटतात. म्हणून लहान मुलाच्या दफनाची माती बारीक जाळीच्या चाळणीतून पाण्याने धुऊन काढतात. चाळणीत राहिलेले खडे, मुळं, गोगलगायींचे शंख यांतून एकेक कणी चिमट्याने उचलायची, डब्यांत कापसावर ठेवायची आणि मोजायची: उंची किती, किती उंचवटे जुळले, कडा कुठवर आली. मग ही मापं तक्त्याशी ताडून पाहायची. असे तक्ते अनेक आहेत. २०१० मध्ये लंडनमध्ये साकेर अल्‌काहतानी आणि सहकाऱ्यांनी केलेला दंत-नकाशा गर्भाच्या अठ्ठाविसाव्या आठवड्यापासून तेवीस वर्षांपर्यंतचा आहे, तो ७०४ जणांच्या दातांवर आधारलेला आहे. त्यांतली काही बाळं लंडनच्या स्पिटलफील्ड्‌स इथल्या ख्राइस्ट चर्चच्या तळघरातली. १९८४ ते १९८६ मध्ये ते तळघर रिकामं करताना सुमारे हजार मृतदेह निघाले, आणि त्यांतल्या बऱ्याच शवपेट्यांवर नाव नि वय कोरलेल्या पट्ट्या होत्या. अनोळखी मुलाचं वय ठरवायचं, तर आधी कुणाच्या तरी ओळखीच्या मुलाचा दात हवा. शास्त्राचा हा भाग सहसा सांगितला जात नाही. प्रत्येक तक्त्याच्या तळाशी कुणाची तरी मुलं असतात.

हाडांवरूनही वय काढता येतं, पण हाडं उपाशी पोटाला लवकर शरण जातात. कुपोषित मुलाची मांडी आखूड राहते. दात मात्र आपल्या वेळापत्रकाला बऱ्यापैकी चिकटून असतात. म्हणून लहान वयात दाताचा अंदाज अधिक भरवशाचा, आणि जितकं मूल लहान तितकी चूक कमी.

दाताकडे वय मागायला धर्मानंतर दुसरं कोण गेलं? कारखान्यांचा कायदा. ब्रिटनमध्ये १८३३च्या कारखाना कायद्याने नऊ वर्षांखालच्या मुलांना कापडगिरण्यांत कामाला लावायला बंदी केली, पण सरकारी जन्मनोंदणी इंग्लंड आणि वेल्समध्ये सुरू झाली १८३७ मध्ये. तोवर मुलाचं वय म्हणजे आईबाप सांगतील ते, नाहीतर डॉक्टर उंची पाहून ठरवेल ते. पोटाला चिमटा बसलेले आईबाप उंच मुलाला पुढे करत. १८३७ मध्ये एडविन सॉन्डर्स नावाच्या तरुण दंतवैद्याने हजारांहून अधिक मुलांची तोंडं तपासून एक पुस्तिका काढली आणि ती पार्लमेंटच्या सदस्यांना उद्देशून लिहिली. म्हणणं सरळ होतं: उंची फसवते, दात कमी फसवतात. हेच सॉन्डर्स पुढे व्हिक्टोरिया राणीचे दंतवैद्य झाले.

त्याच्या वर्षभर आधी थॉमसन या ब्रिटिश लेखकाने गुन्ह्यांच्या संदर्भात असंच लिहून ठेवलं होतं. कायमची पहिली दाढ आलेली नसेल तर आरोपी सात वर्षांच्या आतला, हे निःशंक सांगता येईल. सातच का? कारण इंग्रजी कायद्यात सातखालच्या मुलाला गुन्हेगार मानत नसत. तो आकडा १८६०च्या भारतीय दंड संहितेत कलम ८२ म्हणून आला आणि आज भारतीय न्याय संहितेत कलम २० म्हणून बसलेला आहे. सात वर्षांखालच्या मुलाने काहीही केलं तरी तो अपराध नाही. ही पहिली दाढ सहाव्या वर्षाच्या आसपास दुधाच्या दाढांच्या मागे निमूट उगवते. कुठलाही दात तिच्यासाठी पडत नाही, म्हणून पुष्कळ आईबाप तिला दुधाचीच समजतात आणि किडू देतात. पापपुण्याची जबाबदारी जिच्यावरून ठरवायची असं एका शतकाने म्हटलं, त्या दाढेचा घरात कुणाला पत्ता नसतो.

एवढ्या सगळ्या सरकत्या खुणांत दाताच्या आत एकच खरीखुरी रेघ आहे. ती जन्माची.

इनॅमल रोज थोडं थोडं साठतं. दात चिरून पातळ काप काढला आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर रोजचे थर दिसतात, वहीच्या ओळींसारखे. मूल जन्मतं तेव्हा नाळ तुटते, श्वास सुरू होतो, अन्न येण्याची वाट बदलते, आणि इनॅमल घडवणाऱ्या पेशी त्या धक्क्याने काही काळ अडखळतात. त्या अडखळण्याची गडद रेघ कायमची उमटते. आयझॅक शूर यांनी १९३६ मध्ये तिचं सविस्तर वर्णन केलं. मराठीत तिला जन्मरेषा म्हणायला हरकत नाही. रेघेच्या आतलं इनॅमल पोटातलं, बाहेरचं जगातलं. शेणात गुंडाळून कौलावर फेकलेल्या, उंदराकडे नवा दात मागण्यासाठी दिलेल्या प्रत्येक दुधाच्या दातात ही रेघ होती.

पण तिच्यातही एक अडचण आहे. ती ओळखू यायला तिच्यावर पुढचे काही थर चढावे लागतात, म्हणजे मूल साधारण आठवडाभर तरी जगावं लागतं. रेघ दिसली तर मूल जिवंत जन्मलं आणि काही दिवस जगलं, हे नक्की. दिसली नाही तर? मूल पोटातच गेलं असेल, किंवा जन्मून तासाभरात गेलं असेल, किंवा तिसऱ्या दिवशी. कचराकुंडीत सापडलेल्या अर्भकाच्या बाबतीत पोलिसांना नेमकं हेच कळायला हवं असतं, आणि नेमकं हेच दात सांगत नाही.

१९८८ मध्ये इस्राएलच्या किनाऱ्यावर अश्कलोन इथे, रोमन काळातल्या एका स्नानगृहाखालच्या गटारात सुमारे शंभर अर्भकांची हाडं निघाली. लॉरेन्स स्टेगर यांचं उत्खनन, दात आणि हाडं तपासली पॅट्रिशिया स्मिथ यांनी. सगळी बाळं जन्माच्या आसपासची, आणि दातांत जन्मरेषा नाही. नैसर्गिक मृत्यूंत वयं थोडी तरी पसरलेली असतात. इथे ती एका बिंदूवर येऊन थांबली होती, शिवाय जागा गटाराची. अभ्यासकांनी अर्भकहत्येचा निष्कर्ष काढला. त्या बाळांना कुणी सजवलेलं नव्हतं, आणि त्यांचं सुतकही बहुधा कुणी धरलेलं नव्हतं.

स्टेगर आणि स्मिथ ही नावं लक्षात ठेवायला हवीत, कारण याहून कितीतरी मोठ्या वादात ती पुन्हा भेटतात. तो वाद कार्थेजचा.

ट्युनिस शहराला लागून असलेल्या कार्थेजमध्ये १९२१ साली चोरून दगड विकणाऱ्या एका माणसाने एक कोरीव शिळा विकायला आणली. तिच्यावर पुजारी होता आणि त्याच्या हातात बाळ. दोन फ्रेंच अधिकाऱ्यांनी त्या माणसाचा माग काढला आणि ते पोचले एका विलक्षण जागेवर. जमिनीत एकावर एक थर, थरांत मडकी, मडक्यांत जळालेली तान्ही हाडं, आणि वर बाल हम्मोन आणि तानित या देवतांच्या नावाने कोरलेल्या शिळा. बायबलमधला शब्द उचलून या जागेला टोफेट म्हणू लागले. इसवी सनापूर्वी आठव्या शतकापासून १४६ मध्ये रोमनांनी शहर बेचिराख करेपर्यंत ती वापरात होती. केवळ इ.स.पू. ४०० ते २०० या दोन शतकांत तिथे वीसेक हजार मडकी पुरली गेली असावीत, असा स्टेगर यांचा अंदाज होता.

ग्रीक आणि रोमन लेखक आधीपासून सांगतच होते की कार्थेजची माणसं पोटची पोरं देवाला देतात. डायोडोरसने लिहिलंय की इ.स.पू. ३१० मध्ये शहराला वेढा पडला तेव्हा देव कोपला असं समजून घरंदाज कुळांतली दोनशे मुलं बळी दिली; कांस्यमूर्तीच्या उतरत्या हातांवर मूल ठेवलं की ते घरंगळून आगीत पडे. डायोडोरस मात्र त्या घटनेनंतर अडीचशे वर्षांनी लिहीत होता, आणि कार्थेजबद्दल चांगलं बोलायचं रोमच्या छत्राखाली कुणालाही काही कारण नव्हतं. फ्लोबेरने १८६२च्या ‘सलाम्बो’ कादंबरीत हाच देखावा रंगवला आणि आज टोफेट ज्या उपनगरात आहे त्याला त्या कादंबरीचंच नाव आहे. शत्रूची कुचाळकी आणि कादंबरीकाराची कल्पना यांच्या ढिगाऱ्याखाली एक खरा प्रश्न पडून होता. ही बळीची वेदी, की अकाली गेलेल्या बाळांचं स्मशान?

प्रश्न धर्माचा, पण उत्तर शोधायची जबाबदारी आली दातांवर. २०१० मध्ये जेफ्री श्वार्ट्‌झ आणि सहकाऱ्यांनी ३४८ मडक्यांतल्या किमान ५४० बाळांचे अवशेष तपासून जाहीर केलं की सरसकट नरबळीला आधार मिळत नाही. त्यांच्या हिशेबात निदान पाचवा हिस्सा बाळं जन्माआधीच गेलेली होती, आणि तपासलेल्या दातांपैकी सुमारे निम्म्यांत जन्मरेषा नव्हती. मेलेलं जन्मलेलं मूल बळी कसं देणार? म्हणजे ही जागा सर्व तान्ह्या मृतांसाठी असली पाहिजे. स्मिथ, स्टेगर आणि सहकाऱ्यांनी ‘अँटिक्विटी’ या नियतकालिकातून याला हरकत घेतली. हे दात चितेतून आलेत, त्यांनी आठवण करून दिली. आगीत अंकुर आकसतात, वाकतात, रेघ पुसट होते. आकसण्याचा हिशेब धरला नाही तर प्रत्येक बाळ काही आठवड्यांनी लहान ठरतं. त्यांनी तो धरला, तेव्हा वयांचा उंचवटा आला एक ते दीड महिन्यावर. निसर्गात मुलं सर्वांत जास्त दगावतात ती पहिल्या काही दिवसांत, पुढे प्रमाण उतरत जातं. सहाव्या आठवड्यात फुगवटा येत असेल तर तो कुणीतरी आणलेला असणार.

इथे थोडं थांबून पाहण्यासारखं आहे. भांडण कशावर चाललंय? मिलिमीटरच्या अंशावर. इनॅमलची कडा आगीत किती मागे सरकली, यावर एका अख्ख्या संस्कृतीच्या धर्माचा निवाडा. इतक्या छोट्या वस्तूला इतकी मोठी साक्ष द्यायला क्वचितच उभं केलं गेलं असेल.

२०१३ मध्ये याच नियतकालिकात पाओलो झेला, जोसेफिन क्विन आणि इतरांनी एक साधी गोष्ट सुचवली: दातांवरून नजर काढून शिळा वाचा. शिळांवर नवस फेडल्याचं लिहिलंय. देवाने अमक्याचा आवाज ऐकला, म्हणून अमक्याने हे अर्पण केलं, असा मजकूर पुन्हा पुन्हा येतो. स्मशानात कुणी नवस फेडायला जात नाही. शिवाय काही मडक्यांत बाळांऐवजी कोकरं आणि करडं आहेत, तशाच पद्धतीने जाळलेली, तशाच शिळेखाली. कोकरू हे बदली दिलेलं असेल तर ते ज्याच्या बदली दिलं ते काय होतं, हे उघड आहे. हा युक्तिवाद दातांच्या आकडेमोडीपेक्षा जड वाटतो. निदान काही मुलं तरी तिथे देण्यासाठीच आणली गेली, असंच मानावं लागतं. पण सगळीच? ते दात सांगू शकत नाहीत आणि शिळाही सांगत नाहीत.

टोफेटने एक कोडं मात्र नक्की घातलंय, आणि ते याज्ञवल्क्याच्या पायरीशी थेट भिडतं. बिनदातांचं बाळ अजून पुरतं माणूस नाही, असं जर त्या काळचे लोक मानत असतील, तर ते देवाला देण्यात मोल काय? बळी चढतो तो प्रिय वस्तूचा. फुकाची वस्तू देव घेत नाही. म्हणजे दीड महिन्याचं मूल बळी देण्यासाठी ते आधी मोजलेलं असावं लागतं, नाव असलेलं, आवडतं. उलट तेच मूल तापाने गेलं तर सुतक टाळण्यासाठी ते न मोजलेलं असावं लागतं. प्लुटार्कने लिहिलंय की कार्थेजमधल्या आईने त्या वेळी डोळ्यांतून पाणी काढायचं नसे, आणि आक्रोश ऐकू येऊ नये म्हणून ढोल-बासऱ्या वाजत. पुन्हा शत्रुपक्षाची साक्ष, भरवसा किती ठेवायचा हा प्रश्नच. पण रडू नको असं सांगावं लागतं ते रडू येणार हे माहीत असतं म्हणूनच, मग ते सांगणारा पुजारी असो की स्मृतिकार.

ख्रिस्ती धर्माने उंबरठा दातावरून काढून बाप्तिस्म्यावर नेला. बाप्तिस्मा न झालेलं बाळ स्वर्गात जात नाही, लिंबो नावाच्या मधल्या जागी राहतं, असं शतकानुशतकं शिकवलं गेलं. आयर्लंडमध्ये अशा बाळांना पवित्र दफनभूमीत जागा मिळत नसे. शेताच्या कडेला, जुन्या कुंपणाच्या आत, रात्री नेऊन पुरत. २००७ मध्ये व्हॅटिकनच्या धर्मशास्त्र आयोगाने अशा बाळांच्या उद्धाराची आशा धरायला आधार आहे, असं म्हटलं. ज्या आयांना ते ऐकायचं होतं त्यांतल्या बहुतेक तोवर गेल्या होत्या.

आयर्लंडच्याच गॉलवे परगण्यात टूअम इथे १९२५ ते १९६१ या काळात अविवाहित मातांसाठी जोगिणींनी चालवलेलं एक घर होतं. कॅथरिन कॉरलेस या स्थानिक इतिहासकार बाईंनी चिकाटीने मृत्युदाखले गोळा केले तेव्हा तिथे मेलेल्या ७९६ मुलांची नावं निघाली. त्यांच्या दफनाची नोंद मात्र मिळेना. २०१७ मध्ये चौकशी आयोगाने जाहीर केलं की सांडपाण्याच्या जुन्या बांधकामाशी संबंधित कप्प्यांत मुलांचे अवशेष आहेत, वय गर्भाच्या पस्तिसाव्या आठवड्यापासून दोन-तीन वर्षांपर्यंत. पूर्ण उत्खनन सुरू झालं जुलै २०२५ मध्ये. इथली मुलं बाप्तिस्मा झालेली आहेत की नाहीत यावर आता काही अडत नाही. चाळणीत सापडलेल्या दातावरून ठरेल की हे मूल चार महिन्यांचं की चौदा. पण यादीत चार महिन्यांची मुलं पुष्कळ आहेत. दात यादी आखूड करेल; त्यातून नेमकं नाव निवडायचं तर डीएनए लागेल, आणि डीएनए जुळायला मागे जिवंत नातलग लागेल.

आता पुणे जिल्ह्यात, घोड नदीच्या काठी, शिरूरजवळच्या इनामगावात. १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजने इथे उत्खनन केलं. हसमुख सांकलिया, म. के. ढवळीकर, झै. दा. अन्सारी ही त्यातली मोठी नावं. इ.स.पू. १६०० ते ७०० या काळात इथे शेतकऱ्यांची वस्ती होती. मोठ्या माणसांना ते खड्ड्यात उताणं निजवत आणि घोट्याखालून पाय तोडत, बहुधा मेलेल्याने उठून फिरू नये म्हणून. लहान मुलांचं वेगळं होतं. दोन मोठी मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवायची, आत मूल, आणि हा जोड-कुंभ पुरायचा तो घराच्याच जमिनीत. सारवलेल्या भुईखाली, जिथे वर माणसं जेवत, झोपत. गावाबाहेर नेऊन मागे वळून न पाहणं त्यांच्यात नव्हतं. मनुस्मृती यानंतर कितीतरी शतकांनी आली, त्यामुळे नियम मोडल्याचा आरोप त्यांच्यावर करता येत नाही. पण लहान मूल वेगळं, त्याची रीत वेगळी, ही भावना या मातीत किती जुनी आहे ते इथे दिसतं. आजही महाराष्ट्रात अनेक जातीजमातींत तान्ह्या मुलाला जाळत नाहीत, पुरतात; का, असं विचारलं तर उत्तर येतं, त्याने अजून काही पाहिलेलंच नव्हतं.

इनामगावच्या मुलांचे दात जॉन लुकाच आणि सुभाष वाळिंबे यांनी अभ्यासले. पुढे ग्वेन रॉबिन्स शुग यांनी दातांवरून काढलेलं वय आणि हाडांची लांबी शेजारी शेजारी मांडली. दात सांगतो दोन वर्षं, मांडीचं हाड दिसतं त्याहून लहान मुलाचं. म्हणजे मूल वाढलं नव्हतं. वस्तीच्या शेवटच्या टप्प्यात, इ.स.पू. १००० नंतर, शेती आणि पाऊस यांचं गणित बिघडल्यावर मुलांवर काय ओढवलं हे त्यांनी २०११च्या पुस्तकात या फरकावरून वाचलं. ज्या दाताविषयी स्मृतिकाराला फक्त आहे की नाही एवढंच विचारायचं होतं, त्याने तीन हजार वर्षांनी घरातल्या रिकाम्या कणग्यांची बातमी दिली.

त्याच काळातल्या, प्रवरेकाठच्या नेवाशात एका मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ निघाली. एरवी दोरा कुजून जातो, पण तांब्याच्या हिरव्या गंजाने तो जिथे मण्याला चिकटला होता तिथे टिकला. म्हणजे ती माळ कुणीतरी ओवली होती, आणि ओवून मुलासोबतच राहू दिली होती.

आणि इनामगावच्या जोड-कुंभांशेजारी भांडी ठेवलेली असत. जोर्वे पद्धतीची, तांबूस अंगावर काळ्या रेघांची, एक कंगोऱ्याचं वाडगं आणि एक तोटीचं भांडं. आतल्या बाळाचे दात अभ्यासकांना कधीकधी कुंभात साठलेल्या मातीतून चाळून मिळतात, हिरडीबाहेर कधी न आलेले, मूळ नसलेले, शिंपलीसारखे. आईच्या दुधाशिवाय ज्याने काही चाखलं नसेल त्याच्याही शेजारी एक वाडगं ठेवलेलं असे, अन्न वाढायचं.